चांगल्या ठिकाणी लावलेला फोटो

आमच्या देवणीतला एक फोटो स्टुडिओ पावसाळ्यात बहुतेक बंद असायचा. आभाळ भरून आलं की दाराच्या कडीला पाटी लटकायची, 'आज उजेड नाही'. मग शाळेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख असो की दारात आमदार उभा असो, पाटी निघायची नाही. आत वीज होती, बल्ब होता, पंखासुद्धा होता. पण बल्बच्या उजेडाला स्टुडिओवाले काका उजेड मानत नसत. "ती नुसती सोय हाय," म्हणायचे. लोक शिव्या घालत उदगीरची गाडी धरायचे आणि तिथून फोटो काढून आणायचे.

सारं गाव त्यांना फोटोवाले काका म्हणायचं. बुटकी मूर्ती, अंगानं काडी, आणि त्या काडीला न शोभणारी भरघोस मिशी. डाव्या भुवईचे दोन तुकडे झालेले होते. तरुणपणी एका बैलाचा फोटो काढताना ते फार जवळ गेले आणि बैलानं शिंग मारलं. मधल्या जागेत पुन्हा केस उगवले नाहीत. त्या बैलाबद्दल मात्र त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. "चूक माजी व्हती. त्याच्या तोंडावर माजी सावली पडली," म्हणायचे.

फ्लॅश त्यांनी उभ्या आयुष्यात वापरला नाही. "मानसाच्या तोंडावर ईज पाडून काय दिसंल? भ्यालेला मानूस." हे सगळं ते नांदेडला शिकून आले होते. पोरवयात तिथल्या एका स्टुडिओत कामाला होते. तिथले उस्ताद त्यांना सांगायचे, "मियाँ, रोशनी कू बुलाते नै, उसकू बैठने जगा करते." काकांनी जन्मभर तेवढंच केलं. स्टुडिओच्या पत्र्यात चौकोन कापून काच बसवली. समोरच्या शिंप्याच्या भिंतीवरून उजेड आत येतो म्हणून ती भिंत दर दिवाळीला स्वतः चुन्यानं रंगवून दिली. एका वर्षी शिंप्यानं हौसेनं तीच भिंत पिस्ता रंगाची केली. तोवर रंगीत फोटो आले होते. त्या मोसमातल्या सगळ्या नवऱ्या अल्बमात कावीळ झाल्यासारख्या दिसल्या. काकांनी शिंप्याला न विचारता, भर बाजारच्या दिवशी, शिडी लावून भिंत पुन्हा पांढरी केली. शिंपी खाली कात्री घेऊन उभा होता आणि हे वरून त्याला म्हणत होते, "जरा बाजूला सरक, उजेडात आलास."

लग्नात तर त्यांना बोलावणं म्हणजे आपण होऊन विंचू उचलणं. आमच्याकडं लग्नं लागणार भर दुपारी, आणि बाराच्या उन्हाशी काकांचं वैर. शिरूर अनंतपाळला माझ्या मैत्रिणीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना माईक हातात घेतला आणि सांगितलं, "भटजी, चार वाजेपर्यंत चालू द्या. आत्ता नवरीचे डोळे खड्ड्यात गेलेत." भटजींच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. नवरीच्या चुलत्यानं त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. बाहेर जाऊन ते कडुलिंबाखाली बसले आणि चार वाजता परत आले. त्यांनी काढलेला नवरीचा तो एकच फोटो. ती मैत्रीण आज आजी झाली, पण घरी कुणी आलं की अजून तोच फोटो दाखवते.

अशा माणसाला लग्नाची कामं किती मिळणार? मग काका बैलांकडं वळले. आमची देवणी जात म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके. "देवानं ह्यास्नी ब्लॅक अँड व्हाइटच धाडलंय," म्हणायचे. शिवाय बैल सकाळी लवकर उठतो आणि फोटोत हसत नाही. गावोगावचे शेतकरी बैल धुऊन, शिंगं रंगवून त्यांची वाट बघायचे. बैठकीत बैलाचा फोटो असणं ही तेव्हा इभ्रत होती. घरधनिणीचा फोटो असणं ही कुणाच्या डोक्यातसुद्धा न आलेली गोष्ट होती.

आमच्याही बैठकीत बैलाचा फोटो होता. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, लाडक्या बैलाचा. प्रदर्शनात नंबर आलेला, मान वर केलेला.

आणि त्याच्याशेजारी आईचा. मी दीड वर्षाची असताना आई तापानं गेली. मला तिचं काहीच आठवत नाही, ना आवाज ना वास. माझी आई म्हणजे तो फोटो. जुन्या घराच्या पूर्वेच्या दारात, उंबऱ्याशी बसलेली, पदर पुढं ओढलेला, कपाळाला ठसठशीत कुंकू. दारातलं सकाळचं ऊन चेहऱ्याच्या एका बाजूवर आणि दुसरी बाजू अंधारात. फोटो किंचित हललेला होता, त्यामुळं ती आत्ता काहीतरी बोलेल असं वाटायचं. अप्पा सांगायचे की काका बैलाचा फोटो काढायला आले होते तेव्हा त्यांनी हा सहज काढला, आणि आई गेल्यावर निगेटिव्ह सापडली. आत्या मला फोटोखाली उभी करून पाहुण्यांना म्हणायची, "हनुवटी बगा, आईचीच." परीक्षेला जाताना, नोकरीची ऑर्डर आल्यावर, लग्नाच्या अक्षता पडायच्या आधी, मी त्या फोटोच्या पाया पडले आहे. तिच्याशी भांडलेही आहे. माझ्या वयाच्या पोरींना आईचा मार मिळायचा आणि मला नुसता फोटो, म्हणून.

घरात फक्त मामाला तो फोटो पटायचा नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा तो बघता बघता म्हणाला, "मला माजी बहीण वाटंना ही." आत्यानं त्याला झाडलं, सख्ख्या बहिणीला विसरलास म्हणून. पण मामाचं आणि आमचं बिनसलं होतं ते वेगळ्याच कारणावरून.

आई गेल्यानंतर दहाव्याच्या सुमाराला फोटोवाल्या काकांची मिशी गायब झाली. आमच्याकडं मिशी उतरवतात ती घरातलं कुणी गेल्यावर. काकांचे आईबाप कधीच गेलेले, भाऊ धडधाकट, लग्न केलेलं नाही. मग सुतक कुणाचं? गाव कुठलंही कोडं फार दिवस न सोडवता ठेवत नाही. "बाई गेली अप्पांच्या घरची, आन मिशी उतरली ह्याची," असं चावडीवर कुणीतरी म्हणालं आणि ते माझ्या मामाच्या कानावर गेलं. मामानं भर बाजारात काकांची गचांडी धरली. काका एवढंच म्हणाले, "केस माजे हायत. पुन्ना येत्याल." अप्पा मधे पडले, त्यांनी मामाचा हात सोडवला आणि काकांना चहाला घेऊन गेले. ज्याच्या नावानं आपल्या बायकोची बदनामी झाली त्यालाच हा माणूस चहा पाजतो! मामा त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरी पाणी प्यायला नाही.

त्यावर कडी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात, तिची ओटी भरतात. हा बायकांचा दिवस. आमच्याकडं मात्र सवाष्णीच्या पानाशेजारी दरवर्षी एक पान फोटोवाल्या काकांचं. अप्पा स्वतः पाट मांडायचे, पुरणपोळीवर तुपाची धार स्वतः धरायचे आणि जाताना टॉवेल-टोपी द्यायचे. आत्या चुलीपाशी बसून धुमसायची, "नवमीला टॉवेल-टोपी कुटल्या गावची रीत म्हनायची ही?" काका खाली मान घालून जेवायचे. भिंतीकडं एकदासुद्धा बघायचे नाहीत. अप्पा गेल्यावर दादानं, माझ्या मोठ्या भावानं, ते पान चालूच ठेवलं.

काकांचा स्वतःचा फोटो कुणी पाहिला नव्हता. मोबाईल आले तरी कुणी समोर धरला की तोंड फिरवायचे. "माजा एक हाय की. चांगल्या ठिकाणी लावलाय," म्हणायचे. लोकांना ती बढाई वाटायची. मला वाटायचं, नांदेडच्या त्या उस्तादांच्या दुकानात असेल.

मागच्या वर्षी दादानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. आईच्या फोटोला ओल लागली होती, कडेनं बुरशी चढायला लागली होती. मी लातूरला राहते, म्हणून दादानं तो माझ्याकडं दिला, चांगल्या दुकानातून साफ करून, मोठा करून आण म्हणाला, वास्तुशांतीला हॉलमध्ये लावू. दुकानातला माणूस कॉम्प्युटरवर बसलेला. ठरल्या दिवशी मी गेले तर मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मॅडम, अर्धा चेहरा काळोखात होता ना, तो पण उघडून दिला. एक्स्ट्रा काही नाही."

त्यानं कागद सरळ केला. काळोखातून चेहऱ्याची दुसरी बाजू वर आली होती. गळ्यात पुरुषासारखा कंठमणी. ओठावर उतरवलेल्या मिशीची करडी झाक. आणि डाव्या भुवईचे दोन तुकडे.

मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. दुकानदार विचारत होता, "आवडला नाही का?" मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. सुरळी हातात घेऊन बसस्टँडवर आले आणि देवणीची गाडी समोरून निघून गेली तरी मी बाकावरच होते. मी जन्मभर कुणाच्या पाया पडत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी थेट काकांच्या दारात. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. मिशी पांढरी झालेली. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायचे. मी तो मोठा फोटो त्यांच्या मांडीवर उलगडला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"उजेड कुनी वाढवला ह्याच्यात? सगळ्या सावलीचं वाटोळं करून ठिवलं!"

"काका, ही भुवई कुणाची?"

त्यांचा हात आपसूक कपाळाकडं गेला. मग त्यांनी खुर्ची उन्हाकडं जरा सरकवली.

"माजी," म्हणाले.

मी पायरीवर बसले.

"तुजी आई गेल्यावर तुजा बाप माज्याकडं आला," काका सांगू लागले. "म्हनला, बैलाच्या फोटूत कुटं ती आली आसंल तर बगा. मागं, कडंला, कुटं बी. म्या समद्या निगेटिव्ह उनात धरून बगितल्या. येका फोटूत हात सापडला तिचा, वैरनीची पाटी धरल्याला. बाकी कायबी न्हाई. तुजा बाप हितं, ह्याच पायरीवर, डोकं आपटून रडला. बैल काढला, म्हनला, आन तिला न्हाई काढलं."

"मग दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं. आत्याला."

"कोन बसंल? मेलेल्या बाईचं लुगडं सवाष्ण नेसत न्हाई. आन इधवा बाई तयार झाली तरी तिच्या कपाळाला कुंकू कसं लावावं? राह्यलो म्या. मिशी काडली. घरातल्या बाया सुतकाची धुनी घिऊन नदीला गेल्या व्हत्या. लुगडं तुज्या बापानंच नेसवलं मला, कुंकू बी त्यानंच लावलं. लई कापत व्हतं त्याचं बोट. बटन बी त्यानंच दाबलं, म्हून फोटू हालला."

मला हसूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. दोन बाप्ये, एक लुगडं नेसवतोय, एक नेसतोय, आणि त्यातून माझी आई तयार होतेय.

"आणि मामानं गचांडी धरली तेव्हा? आईच्या नावाला काळं लागत होतं, काका. तेव्हा का नाही सांगितलं?"

"म्या सांगनारच व्हतो. तुजा बाप म्हनला, नगं. ल्येकरं त्या फोटूला आई म्हनून राह्यलीत. तेवडं मातर लई चुकलं पोरी. तुज्या आईचा काय गुन्ना? त्याचं मला अजून लागतं."

शेवटी मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. "दिसायला कशी होती ती? खरंच अशी होती?"

"तोंड म्या बगितलंच न्हाई," काका म्हणाले. "बैलाचा फोटू काडायला आलतो, तवा ती त्या दारात हुबी व्हती. पदर पुडं. ऊन हिकडनं येत व्हतं, गालावरनं खाली उतरलं व्हतं. तुज्या बापाला म्हनलं, उजेड लई झ्याक हाय, वैनींचा येक काडू का? तो म्हनला, तिचा कशाला, बैल हलाय लागलाय, उरका. म्हून म्या त्याच दारात, त्याच वक्ताला जाऊन बसलो. त्यातलं ऊन तेवडं तिचं हाय."

मी ती सुरळी तिथंच टाकून निघाले. रागावले होते, कुणावर ते कळत नव्हतं. संध्याकाळी दादाकडं आले तेव्हा तो नव्या हॉलमध्ये खिळे ठोकत होता. मी ओल लागलेला जुना फोटो त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "दादा, ही आई नाही."

दादानं हातोडी खाली ठेवली. वहिनी आत आहे ना, ते बघितलं.

"ठावं हाय," म्हणाला. "म्या दाराआड व्हतो. तू कडंवर व्हतीस माज्या."

तो तेव्हा आठ वर्षांचा. इतकी वर्षं मी विचारायचे, "दादा, आई अशीच होती ना?" आणि तो म्हणायचा, "हाव, अश्शीच."

"मग खोटं का सांगत आलास?"

"आई गेल्यापासनं तू धड रडत बी नव्हतीस, दूध बी पीत नव्हतीस. काका लुगडं नेसून उंबऱ्यात बसले आन तू दोन्ही हात पुडं केलेस. आई म्हनालीस. अप्पानं वळून बगितलं, काकानं बी बगितलं. कुनीच कायबी बोललं न्हाई. मग म्या काय बोलू?"

"तुला तरी आठवतं का रे तिचं तोंड? खरं?"

दादानं फोटोच्या कडेची बुरशी अंगठ्यानं पुसली. "पयल्यांदा आठवायचं," म्हणाला. "मग ह्येच आठवाय लागलं."

म्हणजे आता जगात कुणालाच तिचं तोंड आठवत नाही. आत्या केव्हाच गेली, मामाही गेला. मामा एकटा खरं बोलत होता आणि त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं होतं. त्या रात्रीपासून मला आईची आठवण आली की दरवेळी तोच चेहरा समोर यायचा आणि मी दचकायचे. अजूनही दचकते. पण दुसरा चेहरा कुठून आणू?

बैलाचा फोटो वहिनीनं भंगारात काढून ठेवला होता. तो मी पुसून घेतला. बैलाच्या मागच्या पायाशी, अगदी चौकटीच्या कडेला, वैरणीच्या पाटीवर एक हात आहे. मनगटात काचेच्या बांगड्या, करंगळी जरा बाहेर निघालेली. हा फोटो मी हजार वेळा बघितला होता, बैल बघितला होता. दादानं दोन्ही फोटो हॉलमध्ये शेजारी शेजारी लावले. वास्तुशांतीला काका आले, जेवले, आणि जाता जाता हॉलमधली ट्यूब बंद करून खिडकी उघडून गेले. वहिनी चिडली. आम्ही दोघांनी खिडकी तशीच ठेवली.

यंदा पोळ्यानंतर काका गेले. झोपेतच गेले. चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लागला, त्यावर आधार कार्डावरचा फोटो. चोरी करताना पकडल्यासारखा चेहरा. लोक उभे राहून म्हणत होते, असे नव्हते हो दिसत. मला तर त्या बॅनरखालून जाववेना. जन्मभर ज्यानं उजेडाची वाट बघितली त्याच्या वाट्याला शेवटी हे यावं, याचं मला फार वाईट वाटलं.

तेराव्याच्या आधी त्यांचा पुतण्या आमच्याकडं आला. चांगला पन्नाशीचा माणूस, कावराबावरा झालेला. हॉलमध्ये उभ्या उभ्याच दादाला म्हणाला, "भाऊ, काकांचा येखादा बरा फोटू तुमच्याकडं हाय का? समदं घर हुडकलं. सारकं म्हनायचे, माजा येक हाय, चांगल्या ठिकानी लावलाय. तुमच्याकडंच लई येनं-जानं व्हतं त्यांचं, म्हून आलो."

तो अगदी आईच्या फोटोखाली उभा होता. दादानं माझ्याकडं बघितलं. मी दादाकडं. माझ्या तोंडाशी आलं होतं. एक शब्द बोलले असते तर काकांना त्यांचं तोंड परत मिळालं असतं.

"न्हाई बा," दादा म्हणाला. "आमच्याकडं आईचाच हाय."

पुतण्यानं मान वर केली. त्या वेळी खिडकीतून ऊन फोटोवर आलं होतं. त्यानं पायातल्या चपला मागं सारल्या, दोन्ही हात जोडून फोटोच्या पाया पडला, आणि दुसऱ्या कुणाकडं मिळतो का बघतो म्हणून निघून गेला.